पंक्चरवाल्याचे गणित

'पंक्चरवाला' हा शब्द गेल्या काही वर्षांत शिवीसारखा वापरला जातो. समाजमाध्यमांवर कुठल्याही विषयावर मुसलमान नावाच्या माणसाने मत मांडले, की खाली कुणीतरी येऊन लिहून जातो, 'तू पंक्चर काढ.' एप्रिल २०२५ मध्ये हिसारच्या सभेत खुद्द पंतप्रधानांनी म्हटले, की वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुसलमान तरुणांना सायकलचे पंक्चर काढत आयुष्य घालवावे लागले नसते. वक्फचा हिशेब हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि त्यात आपल्याच लोकांना विचारायचे प्रश्न बरेच आहेत. पण ते वाक्य ऐकल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती. पंक्चर काढणे हे अडाण्याचे काम आहे, हे नेमके कुणी ठरवले? बरे, महाराष्ट्रातल्या हायवेवर पाटी वाचत गेलात तर टायरच्या टपऱ्यांत केरळचे लोक किती सापडतील, त्यांत हिंदू किती, ख्रिस्ती किती, हे टोमणा मारणाऱ्यांना ठाऊकही नसते.

या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या भाच्याने मला एक प्रश्न विचारला आणि या विषयाला तोंड फुटले. तो मुंबईत नोकरी करतो. गाड्यांचा नाद लहानपणापासूनचा. त्याने एक जुनी ऑडी टीटी घेतली आहे, क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जाणारी. मागचे दोन टायर पार गुळगुळीत झाले होते, पुढच्या दोघांत अजून निम्मी नक्षी शिल्लक होती. मुंबईतल्या एका दुकानदाराने सांगितले, मागचे दोन बदला, आणि हे माप नसेल तर याच्या जवळचे टाका, काही फरक पडत नाही. चार टायर म्हणजे पोराचा जवळपास महिन्याचा पगार. 'मामू, दोनांत भागेल का?' एवढाच त्याचा प्रश्न.

दोनांत भागत नाही. का भागत नाही, हे सांगायला मात्र जीपपासून सुरुवात करावी लागते.

आपल्या किनाऱ्याला चार चाकांची ताकद पहिल्यांदा दाखवली ती जीपने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. युद्ध संपले त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी निघाली. नाव होते महिंद्रा अँड मोहम्मद. जे. सी. आणि के. सी. हे दोघे महिंद्रा बंधू, आणि मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. लाहोरचा जन्म, अलिगढचे शिक्षण, रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी, पुढे निजामाच्या हैदराबादेत अर्थखात्याचे काम. फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा करण्यात आले. कागदपत्रांवर 'एम अँड एम' ही अक्षरे आधीच छापलेली होती, म्हणून दुसरा 'एम' तसाच ठेवला, असे सांगितले जाते. खरे असो वा नसो, किस्सा व्यापारी माणसाला शोभणारा आहे.

आपल्याकडे काही जण ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात, 'बघा, महिंद्राच्या मुळाशी एक मुसलमान होता.' मला हा अभिमान जरा कच्चा वाटतो. गुलाम मोहम्मद यांना कुणी हाकलले नव्हते, ते स्वतःच्या निर्णयाने गेले. पुढे गव्हर्नर जनरल झाल्यावर १९५४ मध्ये त्यांनी पाकिस्तानची घटना समिती बरखास्त केली आणि त्या देशाच्या लोकशाहीला जे दुखणे जडले ते अजून गेलेले नाही. नाव गेले त्याचे दुःख करण्यापेक्षा, जी गाडी माझगावच्या कारखान्यात सुट्या भागांतून जोडली जाऊ लागली, तिच्या खाली झोपून जे हात काळे झाले त्यांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत, याचे मला जास्त वाटते. त्या हातांत आपले कोकणी मुसलमान पुष्कळ होते. गोदीत, जहाजांच्या इंजिनांवर काम केलेली माणसे गॅरेजकडे वळली, गॅरेजातली आखातात गेली आणि तिथून परत येऊन म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडला स्वतःची शेड टाकून बसली.

जीपच्या टायरचे माप होते ६.००-१६. वाचायला सोपे. टायरची रुंदी ६ इंच, रिमचा व्यास १६ इंच. त्या काळी टायरची उंची साधारण रुंदीएवढीच धरत. म्हणजे १६ अधिक वर ६, खाली ६, असा अंदाजे २८ इंचांचा गोल. त्याही आधी, फोर्डच्या मॉडेल टीच्या काळात, तर माप आणखी सरळ लिहीत. ३० × ३½, म्हणजे बाहेरचा व्यास ३० इंच, जाडी साडेतीन. टायर केवढा गोल आहे हे टायरवरच लिहिलेले असे. पुढे हा आकडा लपत गेला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अक्षरांची पद्धत आली. आपल्याकडे ती १९८५च्या मारुती जिप्सीवर लोकांनी पाहिली असेल, एफ ७८-१५. त्यात एफ म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचे अक्षर, ७८ म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, १५ म्हणजे रिम. मग रेडियल टायर आले. मिशेलिनने दुसऱ्या महायुद्धानंतर ते बाजारात आणले, भारतात जेके कंपनीने १९७७ मध्ये मोटारींचे रेडियल बनवले. रेडियलबरोबर आजची पद्धत रुळली. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत, रिम इंचांत. एकाच मापात दोन देशांची मोजपट्टी. मिशेलिनने १९७५ मध्ये रिमही मिलिमीटरमध्ये नेऊन पाहिली, टीआरएक्स नावाने. जगाने ती काही स्वीकारली नाही. बाकी सगळे दशमानात गेले, रिम मात्र इंचातच राहिली.

जीपकडे परत येतो, कारण तिने आपल्याला एक वाईट सवय लावली. जीपमध्ये चारही चाकांची ताकद कायम चालू नसते. ड्रायव्हरने दांडा ओढला तरच पुढची चाके जोडली जातात, आणि जोडली गेली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, मध्ये कुठलीही सवलत नाही. चिखलात, वाळूत चाक थोडे घसरते, तेवढी मुभा पुरते. कोरड्या डांबरावर मात्र वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि ते जास्तीचे अंतर शाफ्टला पीळ देत राहते. म्हणून शहाणे ड्रायव्हर डांबरावर दांडा काढूनच ठेवत. वर्षाचे अकरा महिने जीप मागच्या दोन चाकांवरच धावे. मग पुढे ६.०० आणि मागे, गाडी जरा उंच दिसावी म्हणून, ७.०० चे टायर घातले तरी बिघडत नसे. २८ इंच आणि ३० इंच, म्हणजे तब्बल सात टक्क्यांचा फरक, पण पुढची चाके मोकळी फिरत असल्यामुळे पचून जाई. अलिबाग-रेवदंडा मार्गावरच्या मिनीडोरमध्ये तर हा प्रश्नच नव्हता, ताकद मागच्याच चाकांना. रिमोल्ड केलेला एक, नवा एक, तिसरा कुणाच्या तरी ट्रॅक्सवरून उतरवलेला, असे आम्ही वर्षानुवर्षे फिरलो. 'काही फरक पडत नाही' हे वाक्य त्या जमान्याचे आहे आणि त्या गाड्यांपुरते ते खरेही होते.

चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या गाडीची कल्पना तशी जुनी. हॉलंडच्या स्पायकर कंपनीने १९०३ मध्येच शर्यतीसाठी तशी एक गाडी बनवली होती. रस्त्यावरच्या वेगवान गाडीत ती आली १९६६ मध्ये, इंग्लंडच्या जेन्सन एफएफमध्ये. त्यातला एफएफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. हे फर्ग्युसन आपल्या शेतकऱ्यांना अनोळखी नाहीत, ज्यांच्या नावाचा ट्रॅक्टर चालतो तेच हॅरी फर्ग्युसन. या गाड्या फक्त ३२० बनल्या. १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडीने क्वाट्रो दाखवली आणि तिथून ही पद्धत खऱ्या अर्थाने पसरली. जीप आणि या गाड्यांत फरक असा, की यांत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये काहीतरी सवलत देणारे यंत्र असते. कुठे डिफरन्शियल, कुठे दाट तेलात फिरणाऱ्या चकत्या, आणि टीटीमध्ये हॅल्डेक्स नावाची क्लचपट्ट्यांची जोडणी. वळताना चाकांच्या फेऱ्यांत जो फरक पडतो तो हे यंत्र पोटात घेते.

पण ते पोटात घेते वळणापुरते. टायरच लहानमोठे असले तर सरळ रस्त्यावरही, प्रत्येक क्षणी, त्याला फरक पचवत बसावे लागते.

भाच्याच्या टायरचे माप २४५/४० आर १८. रिम १८ इंच म्हणजे ४५७.२ मिलिमीटर. २४५ च्या ४० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर, ती उंची वरून एकदा, खालून एकदा. एकूण व्यास ६५३ मिलिमीटर, परीघ सुमारे दोन मीटर पाच सेंटिमीटर. नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर नक्षी असते असे धरा. त्याच्या पुढच्या टायरांत चारएक उरली असेल, ती पावसाळा संपेपर्यंत तीनवर येणार. नव्या आणि जुन्यात मग ५ मिलिमीटरचा फरक, व्यासात दुप्पट, म्हणजे १० मिलिमीटर. दीड टक्का. ऐकायला काहीच नाही. पण नवा टायर किलोमीटरला सुमारे ४८७ फेरे घेतो आणि हा जुना ४९५. मांडव्याला जहाजातून उतरून मुरूडला जायचे म्हणजे सत्तरएक किलोमीटर. तेवढ्यात पुढचे चाक मागच्यापेक्षा पाचशेहून जास्त फेरे फिरणार आणि त्या प्रत्येक जादा फेऱ्याचे घर्षण त्या क्लचपट्ट्यांवर, तिथल्या तेलावर. तेल तापते, पट्ट्या झिजतात. मग जे बिल येते त्यापुढे चार टायरांची किंमत किरकोळ वाटते. सुबारू कंपनी आपल्या गाड्यांसाठी चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. पाव इंच परीघ म्हणजे नक्षीत जेमतेम एक मिलिमीटर. अमेरिकेत तर एकच टायर फुटला तर नवा टायर यंत्रावर तासून बाकीच्या तिघांएवढा झिजवून देणारी दुकाने आहेत. नवा टायर पैसे देऊन झिजवायचा! आपल्या कुठल्या दादीला हे सांगितले तर ती आपल्याच डोक्यावर पाणी मारेल.

आता 'जवळचे माप' पाहू. दुकानदाराने सुचवलेले होते २४५/४५ आर १८. रुंदी तीच, रिम तीच, फक्त ४० चे ४५. व्यास ६७७ मिलिमीटरच्या पुढे जातो, पावणेचार टक्के जास्त. नव्याजुन्यातला फरक वर वेगळा. ते दोनच टायर मागे घातले असते तर गाडी चालली असती, काही आठवडे. याउलट २२५/४५ आर १८ हे माप डोळ्याला जास्त परके वाटते, पण व्यास ६५९.७, फरक एकच टक्का. २४५/३५ आर १९ तर जवळजवळ तंतोतंत, ६५४. आकडे जवळचे दिसणे आणि गोल जवळचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चारही एकदम बदलायचे असतील तर मूळ व्यासाच्या एक-दीड टक्क्यात राहणारे माप घेता येते, तेही कंपनीच्या मंजूर यादीत असेल तर आणि रिमच्या रुंदीला बसत असेल तर. तीन टक्क्यांच्या पुढे गेले की स्पीडोमीटरही खोटे बोलू लागतो.

पुढे-मागे वेगळी मापे असलेल्या गाड्याही असतात आणि इथे लोक गोंधळतात. भारतात २०१६ च्या अखेरीस आलेली निसान जीटी-आर घ्या. चारही चाकांची गाडी, पण पुढे २५५/४० आणि मागे २८५/३५, दोन्ही २० इंची रिमवर. कागदावर वेगळी, पण हिशेब केला तर पुढचा व्यास ७१२ आणि मागचा ७०७.५. अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. रुंदी वाढवली तेव्हा टक्के मुद्दाम कमी केले, गोल राखला. अशा गाडीच्या मालकाने 'चारही सारखे करू' म्हणून मागेही २५५ चे टायर घातले तर व्यास जुळेल, पकड जाईल. म्हणजे नियम 'सारखे आकडे' असा नाही, 'कंपनीने बांधलेले नाते मोडू नका' असा आहे.

व्यासानंतर वजन. टायरवर मापाच्या पुढे दोन आकडे आणि एक अक्षर असते, तिकडे कुणी बघत नाही. ९३ म्हणजे एका टायरवर ६५० किलो, ९७ म्हणजे ७३०. अक्षर वेगाचे, व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. वडखळच्या वाहतूककोंडीत उभे राहून ताशी ३०० चे टायर कशाला, असे भाच्याच्या अब्बांचे म्हणणे, आणि ते अगदीच चूक नाही. पण मूळ टायरपेक्षा खालचे वजन-वेगाचे आकडे घेऊ नयेत. अपघात झाला तर विमा कंपनीला नेमके तेच हवे असते.

आपल्या किनाऱ्याचा म्हणून वेगळा विचार आहेच. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि ज्या गाड्या कधी पनवेलच्या अलीकडे येत नसत त्या किहीम, काशीदला दिसू लागल्या. रामदास बोटीच्या आठवणी सांगणाऱ्या पिढीसमोरून आता जहाजाच्या पोटातून ऑडी, पोर्शे उतरतात. त्यांचे टायर युरोपच्या रस्त्यांसाठी केलेले, बाजूची भिंत जेमतेम चार बोटे. कोर्लईची अरुंद गल्ली, साळावपुढचे खड्डे, पावसात दिसेनाशी झालेली डांबराची कड. खड्ड्याच्या काठावर अशी भिंत रिम आणि दगड यांच्या मध्ये चिमटली की आतला धागा तुटतो आणि टायरला बाहेरून लिंबाएवढा फुगा येतो. त्याला पंक्चर नाही, ठिगळ नाही, टायर गेला. शिवाय यांतल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते. हा 'स्टेपनी' शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ मध्ये तिथे जादा चाक तयार झाले आणि त्या रस्त्याचे नाव आपल्या प्रत्येक खेड्यात पोहोचले. आता स्टेपनीच्या जागी डिंकाची बाटली आणि हवेचा पंप देतात.

किनाऱ्यावरच्या वाळूचे तर बोलूच नये. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याला रुतलेली फेरारी शेवटी बैलगाडी लावून ओढली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. आखातात गाडी चालवलेल्या आपल्या लोकांना माहीत असते, वाळूत शिरण्याआधी टायरची हवा उतरवायची, टायर पसरतो आणि गाडी तरंगते. पण त्यासाठी टायरला उंच भिंत हवी. चार बोटे भिंतीत हवा कमी केली तर रिमच जमिनीला लागायची.

भाच्याला मी अलिबागच्या रस्त्यावरच्या एका उस्तादांकडे पाठवले. साठी उलटलेले गृहस्थ, बरीच वर्षे कुवेतमध्ये टायरच्याच कामात. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला नाही. दोरा घेतला, चारही टायरांचा घेर मोजला, मग नक्षीत पट्टी घातली. पुढचे चार मिलिमीटर, मागचे दीड. कायद्याने मोटारीला किमान १.६ लागते, म्हणजे मागचे दोन तसेही बादच. मग गाडीखाली वाकून म्हणाले, तेल बदलून घे आधी, मग टायर. मुंबईत कुणी हे सांगितले नव्हते.

माप मिळणे हाही एक प्रश्न होता. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हापासून अशा मापांत निवड मर्यादित झाली आहे. देशी कारखान्यांना त्याचा फायदा झाला असेल, पण दुकानात चार सारखे टायर मिळवायला फोन बरेच लावावे लागतात. उस्तादांनी दोन पर्याय ठेवले. एक, तेच २४५/४० आर १८, चारही. दुसरा, १७ इंची रिम आणि २२५/५० आर १७. व्यास ६५७, अर्ध्याच टक्क्याचा फरक, आणि भिंत ९८ ऐवजी ११२ मिलिमीटर, खड्ड्यांसाठी बरी. अट एवढीच, की छोटी रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासता कामा नये, आणि ते माप कंपनीच्या यादीत हवे. भाच्याला दिसणे महत्त्वाचे. त्याने १८ च ठेवली. मी असतो तर १७ घेतली असती, पण गाडी माझी नाही.

चार टायर पनवेलहून यायला पाच दिवस लागले. उस्तादांनी बसवण्याआधी प्रत्येकाच्या भिंतीवरचे शेवटचे चार अंक वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिघांवर एकाच वर्षाचे होते, चौथ्यावर तीन वर्षे आधीचे. दुकानदाराला त्यांनी तिथूनच फोन लावला आणि चौथा परत पाठवला, म्हणून काम आणखी दोन दिवस लांबले. उतरवलेले पुढचे दोन टायर शेडमध्ये टांगून ठेवले आहेत, त्याच मापाच्या पण पुढच्याच दोन चाकांवर चालणाऱ्या एखाद्या गाडीसाठी.